दुपारचे दोन तास

(घरकामगार स्त्रिया आणि कार्यकर्त्या यांच्या एकत्र शिबिरात 'सर' हा चित्रपट दाखवल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं हे भाषण. बोलण्याची भाषा आहे तशीच ठेवली आहे.)



काल रात्री आपण 'सर' एकत्र बसून पाहिला. सतरंजीवर दाटीवाटीनं, पोरांना मांडीवर घेऊन. संपला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते, सकाळी लवकर उठायचं होतं, तरी कुणी जागची हलेना. आज मी या चित्रपटाची मांडणी करावी असं ठरलं होतं. त्यासाठी टिपणं काढून आणली होती. पण रात्री तुमचं बोलणं ऐकलं आणि त्यातली निम्मी बाजूला ठेवली. उरलेली टिपणं आणि रात्री जे सुचलं ते, असं मिळून आज बोलणार आहे.

काही जणी आज सकाळच्या गाडीनं आल्या आहेत. त्यांच्यासाठी आधी गोष्ट थोडक्यात सांगते. रोहेना गेरा या दिग्दर्शिकेचा हा पहिला कथाचित्रपट. कमी खर्चाचा, मोठे स्टार नसलेला. २०१८ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात, 'समीक्षक सप्ताह' या विभागात तो पहिल्यांदा दाखवला गेला. आपल्याकडच्या चित्रपटगृहांत यायला २०२० चा नोव्हेंबर उजाडला. रत्ना ही महाराष्ट्रातल्या एका खेड्यातली तरुण विधवा. तिलोत्तमा शोमनं ती भूमिका केली आहे. एकोणिसाव्या वर्षी, लग्नानंतर चार महिन्यांत तिचा नवरा गेला. तो आजारी असल्याचं सासरच्यांनी लपवून ठेवलं होतं. आता ती मुंबईत अश्विन नावाच्या एका श्रीमंत बिल्डरच्या मुलाच्या फ्लॅटमध्ये राहून घरकाम करते. पगारातून सासरी पैसे पाठवते, धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा खर्च करते. अश्विनचं ठरलेलं लग्न मोडतं आणि त्या मोठ्या घरात ही दोघंच उरतात. रत्नाला शिवण शिकायचं आहे, पुढे फॅशन डिझायनर व्हायचं आहे. हळूहळू दोघांना एकमेकांबद्दल ओढ वाटू लागते. ती काम सोडून निघून जाते. शेवटी तिला एका डिझायनरकडे काम मिळतं.

या चित्रपटाबद्दल बोलताना बहुतेक जण 'मालक आणि मोलकरणीची प्रेमकथा' असंच म्हणतात. काल तुम्ही प्रेमाबद्दल फारच कमी बोललात. एक जण म्हणाली, "राहून काम करायचं म्हणजे दिवस कधी संपला ते कळतच नाही." दुसरी म्हणाली, "शिकायला जायचं तर त्यालाच विचारायचं!" आणि मग मागच्या रांगेतल्या एक मावशी म्हणाल्या, "तिनं सुट्टी मागितली नाही बघा. दुपारचे दोन तास मागितले. दोन तास मागायला किती जीव एकवटावा लागतो, ते मला विचारा."

या वाक्यानं मला रात्री झोप लागू दिली नाही.

आपण शिबिरांतून 'आत्मभान', 'स्वतःचा शोध' हे शब्द फार वापरतो. मीही वापरते. ते वापरताना असं वाटतं, की हा शोध मनातल्या मनात घ्यायचा असतो. बाई एके दिवशी आरशासमोर उभी राहते आणि तिला स्वतःची ओळख पटते. रत्नाला पाहिल्यावर वाटलं, की आत्मभानाला आधी वेळ लागतो. थोडे पैसे लागतात. बसायला जागा लागते. आणि या तिन्ही गोष्टी बहुतेक बायकांच्या बाबतीत दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असतात. नवऱ्याच्या, सासूच्या, मालकाच्या. मालकिणीच्यासुद्धा. मालकिणीकडे मी शेवटी येणार आहे.

सुरुवातीचा प्रसंग आठवा. रत्ना गावाहून मुंबईला निघते आणि वाटेत हातात बांगड्या चढवते. बस, एवढंच. तिथे काल इथल्या दोघी-तिघींनी नकळत आपल्या मनगटाला हात लावला, ते मी पाहिलं. गावात विधवेनं बांगड्या घालायच्या नाहीत. मुंबईत विचारणारं कुणी नाही. गणपतीत ती मनसोक्त नाचते, ते मुंबईतच. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर गावांनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. हे फार चांगलं झालं. पण ठरावानंतर बांगड्या भरून पहिल्यांदा किराणा दुकानात जायचं, ते त्या बाईला एकटीलाच. त्या वेळी तिच्यासोबत कोण आहे, हे ठरावात लिहिता येत नाही. ते आपल्यासारख्या गटांचं काम आहे.

मुंबईनं रत्नाला बांगड्या घालू दिल्या. पण गावात विधवा असलेली रत्ना मुंबईत कामवाली झाली. गावात तिच्याकडे विधवा म्हणून बघायचे, इथे कामवाली म्हणून बघतात. नुसती रत्ना म्हणून बघणारं फक्त एक माणूस आहे, शेजारच्या घरात काम करणारी तिची मैत्रीण लक्ष्मी. गीतांजली कुलकर्णींनी ती इतकी खरी केली आहे, की काल तुमच्यातली एक जण म्हणाली, "ही तर आमच्या बिल्डिंगमधली." अशी एक लक्ष्मी असली की शहरात तग धरता येते.

आता त्या दोन तासांचं काय होतं? अश्विन 'जा' म्हणतो. ती एका शिंप्याकडे शिकायला जाते. तो तिला शिकवत काहीच नाही, झाडलोट आणि वरकामच सांगतो. म्हणजे एका घरातून मोठ्या हिमतीनं दोन तास सोडवून आणले आणि तेही दुसऱ्याच्या केरसुणीला गेले. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. बाई शिकायला बाहेर पडली की तिच्या हातात आधी झाडू दिला जातो. आपल्या संस्थांमध्येही नवीन आलेल्या वस्तीतल्या कार्यकर्तीला पहिलं काम कुठलं सांगतात? सतरंज्या घाल, चहाचं बघ. इथे बसलेल्या काही जणी हसताहेत, म्हणजे मी खोटं बोलत नाही.

मग ती एका महागड्या कपड्यांच्या दुकानात शिरते. नुसतं बघायला. तिला बाहेर काढतात. काल यावर एकीनं विचारलं, "मालकिणीच्या बाळाला कडेवर घेऊन गेले की मॉलवाले आत सोडतात, एकटी गेले की 'काय पाहिजे' विचारतात. बाळ काय माझा पास आहे का?" मला यावर उत्तर नाही. प्रश्न मात्र लिहून ठेवला आहे.

आता प्रेमाकडे येते. कार्यकर्ती म्हणून पहिल्यांदा पाहताना मी सावध होते. आपल्याकडे येणाऱ्या तक्रारी आठवत होत्या. मालक घरात एकटा असतो, बाई कामाला येते, पुढे काय होतं ते आपण ऐकलेलं आहे. इथे एक माहिती सगळ्यांनी लक्षात ठेवा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा जो कायदा आहे, त्यात राहतं घर हेही कामाचं ठिकाण धरलं आहे आणि घरकामगार स्त्रीचा स्पष्ट उल्लेख आहे. तिनं तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीनं ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते. हे आपल्या वस्तीतल्या किती जणींना ठाऊक आहे? वस्तीत परत गेलात की आधी हे सांगा.

या चित्रपटातला अश्विन छळ करणारा नाही. सभ्य आहे, हळवा आहे, तिच्याशी नीट बोलतो. रत्नाचंही त्याच्यावर मन बसलेलं आहे. तरी ती 'नाही' म्हणते. काल एक तरुण मुलगी यावर चिडली. "म्हणजे कामवालीनं प्रेमच करायचं नाही का?" तिचा राग मला आवडला. करायचं, जरूर करायचं. पण रत्नाचा हिशेब बघा. त्याला प्रेम झालं तर त्याचे मित्र चार दिवस बोलतील. तिला प्रेम झालं आणि उद्या ते मोडलं, तर तिचा पगार जाईल, राहायची खोली जाईल, सासरी जाणारे पैसे थांबतील आणि गावात तिचं नाव निघेल ते वेगळंच. दोघांच्या 'हो'ची किंमत सारखी नाही. ही गोष्ट त्या शिकलेल्या, परदेशात राहून आलेल्या माणसाला कळत नाही. फारशी न शिकलेल्या रत्नाला पक्की कळते. मन त्याच्याकडे ओढ घेत असतानाही ती आपलं भलं कशात आहे ते ओळखते आणि काम सोडते. मला हाच तिचा खरा शोध वाटतो. प्रेमाला बरोबरी लागते, आणि बरोबरीसाठी आधी त्याच्या पगारावरून उतरावं लागतं.

अश्विन तिला शिलाई मशीन भेट देतो, तेव्हा काल टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर त्याच मावशी म्हणाल्या, "दिलं ते बरं झालं. पण उद्या बिनसलं तर मशीन कुणाचं?" मी इतकी वर्षं स्त्री-प्रश्नावर वाचते आहे, पण एवढ्या थोडक्या शब्दांत ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. शेवटी रत्नाला जे काम मिळतं, तेसुद्धा अश्विनच्या ओळखीतल्या डिझायनरकडे. त्याच्या शब्दावरून. हा मला चित्रपटाचा उणेपणा वाटतो. रत्नाला चांगला मालक मिळाला. ज्यांना मिळत नाही, त्यांनी काय करायचं?

याचं उत्तर चित्रपटात नाही, कारण चित्रपटात संघटना नाही. ते उत्तर आपल्या इतिहासात आहे. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला होता. पगारवाढ मागितली, सुट्टी मागितली. 'मोलकरणींचा कुठे संप असतो का' असं म्हणणाऱ्या घरांमध्ये भांडी तशीच पडून राहिली, तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे काम आहे. त्यानंतर २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला अठ्ठावीस वर्षं गेली. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. आपल्या देशानं अजून त्याला मान्यता दिलेली नाही. २०२० च्या टाळेबंदीत सोसायट्यांची दारं बंद झाली आणि कितीतरी जणींची घरं एका दिवसात सुटली. २०२१ मध्ये राज्य सरकारनं मदत म्हणून दीड हजार रुपये जाहीर केले, तेही नोंदणी झालेल्यांनाच. आणि नोंदणीला काय लागतं? काम देणाऱ्याचा दाखला. तो मागितला की 'उद्या देते' म्हणणाऱ्या बायका कोण आहेत? त्यात आपल्यातल्याही काही जणी आहेत.

आता मालकिणीकडे येते. हे टिपणात नव्हतं.

मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते, तेव्हा आम्हाला वर्गात 'उंबरठा' दाखवला होता. १९८२ चा, जब्बार पटेलांचा. स्मिता पाटीलनं केलेली सुलभा समाजकार्य शिकलेली असते, घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक होते. आम्ही सगळ्या रडलो. सुलभेत प्रत्येकीनं स्वतःला पाहिलं. उंबरठा ओलांडणारी ती मीच, असं मला वाटलं. सुलभा बाहेर पडल्यावर तिच्या घरातले चहाचे कप कोण विसळत असेल, हा प्रश्न त्या वर्गात कुणालाच पडला नाही. मलाही नाही.

माझ्या घरी सहा वर्षांपासून एक बाई कामाला येते. धुणं, भांडी, फरशी. माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे. मी तिला 'मावशी' म्हणत होते आणि ती मला 'ताई' म्हणते. यातलं चमत्कारिक आम्हा दोघींनाही कधी वाटलं नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये तिनं मला विचारलं, "ताई, दुपारचं काम सकाळी केलं तर चालंल का? सतरा नंबरचा फॉर्म भरायचाय, दहावीला बसायचंय. दुपारी क्लास असतो." मी म्हटलं, "बघू."

त्या दिवसांत माझी धावपळ चालली होती. सकाळी बैठका, घराला कुलूप. एक अहवाल पुरा करायचा होता. विषय होता, वस्तीतल्या मुलींची शाळागळती.

'बघू' म्हणजे काय, ते तिला बरोबर कळलं. तिनं पुन्हा विषय काढला नाही. मी समजले की तिचं काहीतरी जमलं असेल. दिवाळीनंतर सहज आठवण झाली म्हणून विचारलं, तर भांडी घासता घासता, मागे वळून न बघता म्हणाली, "तारीख गेली ना ताई फॉर्मची."

मी तिला कधी ओरडले नाही. खाड्याचे पैसे कापले नाहीत. दिवाळीला एक पगार जादा दिला. मी स्वतःला चांगली मालकीण समजत होते. पण तिनं दोन तास मागितले तेव्हा चित्रपटातला तो बिल्डरचा मुलगा 'जा' म्हणाला, आणि मी, स्त्री-चळवळीतली कार्यकर्ती, 'बघू' म्हणाले. काल त्या मावशींचं वाक्य ऐकून मला झोप का लागली नाही, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या हो." यंदा आम्ही वेळा बदलल्या, एक किल्ली तिच्याकडे दिली, तिनं फॉर्म भरला. पण तिचं एक वर्ष गेलं ते गेलंच. माझ्या माफीनं ते परत आलेलं नाही, आणि माझ्या पश्चात्तापाचं कौतुक तिनं करावं अशी माझी अपेक्षाही नाही.

म्हणून आज कार्यकर्त्यांपुढे दोन-चार साध्या गोष्टी ठेवते. ज्यांच्या घरी कुणी कामाला येतं, त्यांनी कामाच्या वेळा, सुट्ट्या आणि पगार कागदावर लिहून तो कागद दोघींकडे ठेवावा. नोंदणीचा दाखला न मागता द्यावा. वेळ बदलून मागितली तर 'बघू' न म्हणता त्याच आठवड्यात हो किंवा नाही सांगावं, आणि नाही म्हटलं तर का, तेही सांगावं. आपल्या संस्थेत सफाईला येणाऱ्या बाईला यातलं काय काय मिळतं, याचा पुढच्या बैठकीत हिशेब मांडावा. हे फार मोठं काम नाही. पण यावाचून आपण 'भगिनीभाव' हा शब्द वापरू नये, असं मला वाटतं.

शेवटचा प्रसंग आठवून संपवते. अश्विन परदेशी निघून गेला आहे. रत्ना गच्चीवर असते, त्याचा फोन येतो. चित्रपटभर ती त्याला 'सर' म्हणत आली आहे. आता ती त्याची नोकर नाही. ती क्षणभर थांबते आणि पहिल्यांदाच त्याचं नाव घेते. तिथेच चित्रपट संपतो. पुढे लग्न होतं का, असं काल कुणीतरी विचारलं आणि सगळ्या हसल्या. मला त्यापेक्षा हे महत्त्वाचं वाटलं, की तिला नाव घेता आलं, कारण तिच्या हाताला आता दुसरं काम होतं.

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला, त्यानंतर एके सकाळी घरी मी तिला विचारलं, "तुम्हाला मी काय हाक मारू?" ती हसून म्हणाली, "नाव हाये की मला." तेव्हापासून मी तिला नावानं हाक मारते. ती मला अजून ताईच म्हणते. ते बदलायचं की नाही, कधी बदलायचं, हे तिचं तिनं ठरवायचं. तिचं नाव मी इथे सांगितलं नाही, कारण तसं तिला विचारलेलं नाही.

माझं बोलणं इथे थांबवते. आता तुम्ही बोला. आणि सुरुवात मागच्या रांगेपासून होऊ द्या.